दोन अक्षरं इकडंतिकडं

फोनसमोर ती हात वर करायची. शाळेत पोरं करतात तसा, पुरा वर, बांगड्या कोपरापर्यंत घसरतील इतका. टीचर तिकडं धारवाडला, ही इकडं वडगावात कापडाच्या मागाशेजारी पोतं टाकून बसलेली, आणि हात वर. मी म्हणायचो, "अगं, तिला दिसतोय तरी काय तुझा हात?" ती म्हणायची, "दिसू दे न्हायतर न्हाय. इचारायच्या आधी हात वर करायचा असतोय." वय बावन्न. शिक्षण मराठी चौथी. गल्लीनं तिला नाव ठेवलं, स्टुडंट आक्का. नाव ठेवणाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलं होतं, पण तिला ते आवडलं. नंतर नंतर दारात कुणी "आक्का हाय काय?" म्हणून विचारलं की ती आतूनच म्हणायची, "कुठली आक्का? स्टुडंट आक्का हाय."

मी तिचा नवरा. तिसरी नापास. ती जाऊन दोन वर्षं होऊन गेली. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल, म्हणून लिहायला बसलोय. शुद्धलेखन लेकीनं बघितलंय, बाकी बरंवाईट माझं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी भित्रा माणूस आहे. मागाला भीत नाही. चाळीस वर्षं माग चालवला, एकदा धाग्याचा लाकडी धोटा उडून कपाळावर बसला, चार टाके पडले, तरी संध्याकाळी परत मागावर उभा होतो. मी भितो ते कागदाला. छापलेला कागद पुढं आला आणि कुणी "इथं सही करा" म्हटलं की हात कापतो. लोकांना वाटायचं, म्हातारा तापट आहे, कागद फेकून देतो. तापट कसला? भ्यालेला.

तिला कानडी शिकायचं खूळ एका बसनं लावलं. येळ्ळूरला तिची बहीण असते. बसवरची पाटी कानडीत. हिनं कुणाला विचारलं नाही, गाडी नेहमीसारखी दिसली म्हणून जाऊन बसली. ती गाडी बैलहोंगलची निघाली. बहिणीसाठी बांधून नेलेल्या भाकऱ्या कंडक्टरला देऊन संध्याकाळी हसत परत आली. "चांगला माणूस वो. त्येनं इचारलं, आक्का, ओदाक बरुदिल्लेनु? म्हंजे वाचाय येत न्हाय व्हय?" आणि तिथं तिचं हसणं थांबलं. "खरंच हाय की. त्येला काय सांगू मी?"

कानडी शिकत्ये म्हणाली तशी मी भडकलो. "या घरात कानडी अक्षर येणार न्हाय." आमच्या सीमाभागातल्या माणसाला असं बोलायला कारण शोधावं लागत नाही. खरं तर सूतबाजारात मी दिवसभर कानडीच बोलायचो. बोललेलं चालायचं, लिहिलेलं नको, असा माझा बाणा. आज सांगतो, बाणा पुढं होता आणि भीती मागं. बायकोला दोन भाषा वाचता आल्या तर मला धड एकही येत नाही हे गल्लीला कळेल, ही ती भीती. ती शांतपणे सुताच्या कांड्या भरत म्हणाली, "मराठी काय पळून जातीया व्हय? दुसरं लुगडं घेतलं म्हणून पैलं फाटत न्हाय."

बचत गटातल्या एका बाईनं टीचरचा नंबर दिला. ही टीचर तिशीतली पोरगी, आजी निपाणीची म्हणून मोडकं मराठी बोलायची. हौसेनं शिकवायची, पैसे घ्यायची नाही. दुपारी चारला फोन लागायचा. फोनमध्ये पाच चौकोन, चार बाया, पाचवी टीचर. महामारीच्या आधीची ही गोष्ट. फोनवर शाळा असते हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला पटायचं नाही. चार वाजले की टीचरचा पहिला हुकूम मला. "अण्णा, मग्ग बंद माड्री." मग्ग म्हणजे माग. मी तोंड वाकडं करून माग बंद करायचो आणि धोट्याला तेल देण्याचं सोंग करत तिथंच थांबायचो.

त्या टीचरची एक सवय होती. धडा संपला की एकेकीचं नाव घेऊन विचारायची, "समाधान आतेनु?" समाधान झालं का? आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. कितीही वेळ लागू दे. बाकीच्या बाया लाजून "आत री, आत री", म्हणजे झालं झालं, म्हणायच्या. आमची मात्र हात वर करून म्हणायची, "इल्ला री. न्हाय झालं. अजून एकदा सांगा." एकदा कानडीतल्या 'य' आणि 'म'वर अडली. दिसायला दोन्ही भावंडं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. चार दिवस रोज 'इल्ला री'. पाचव्या दिवशी तिनं खडू घेतला आणि मागाच्या लाकडी चौकटीवर दोन्ही अक्षरं मोठी काढली. शिवाय 'प' काढला, का तर तोही त्याच घरातला. कांडी भरताना एकेकावर बोट ठेवून म्हणायची, "पा, या, मा. पा, या, मा." मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं. सहाव्या दिवशी टीचरनं विचारलं तेव्हा म्हणाली, "आत री! आता डोळं झाकून सांगत्ये." त्या दिवशी तिनं गल्लीत साखर वाटली. लेकीच्या साखरपुड्यालासुद्धा इतकी उड्या मारत नव्हती.

मग तो रोग आला आणि माग आपोआप बंद झाला. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ आवाज करतं हे मला त्या दिवसांत कळलं. गल्लीत कुणी खोकलं तरी मी दार लावायचो. आणि फोन म्हणजे मरणाची बातमी. शहापूरचा अमका गेला, खासबागेतला तमका गेला. ही मात्र चारला फोन उभा करून बसायचीच. एका दुपारी टीचरनं हजेरी घेतली. तिसऱ्या बाईचं नाव घेतलं. उत्तर नाही. तिचा चौकोन काळा. परत नाव घेतलं. टीचर खाली बघायला लागली. मी मागाच्या मागनं पुढं आलो.

"बंद कर तो फोन," मी ओरडलो. "त्यातनं घरात मरण येतंय."

"मरण दारातनं येतंय," ती म्हणाली. "फोनातनं टीचर येत्या."

त्या दिवसापासून तिनं आपला चेहरा कधी झाकू दिला नाही. नेट संपत आलं की बाकीच्या फक्त आवाज ठेवायच्या. ही म्हणायची, "दिसू दे की. म्हंजे जित्ती हाय हे तरी कळतंय." आणि कुंकू नीट करून फोनपुढं बसायची.

रोग ओसरला. सगळीकडं फोनवरच्या शाळा उगवल्या. टीचरला कुठल्याशा मोठ्या ॲपवाल्यांनी कामाला घेतलं आणि तिच्याबरोबर या बायांनाही त्यात घातलं. आता टीचर आधीच बोलून ठेवलेली असायची. बाया म्हणे शेकड्यानं. चौकोन नाहीत, हजेरी नाही. ही पहिल्या दिवशी सवयीनं हात वर करून बसली. टीचर आपली बोलतच राहिली. हिचा हात दुखायला लागला तेव्हा तिनं खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी हसलो नाही. हसायला हवं होतं का, माहीत नाही.

धडा संपला की ॲप विचारायचं, तुम्ही किती समाधानी आहात, आणि पाच तारे दाखवायचं. ती म्हणाली, "पैलं टीचर इचारायची आन थांबायची. ह्यो इचारतोय आन पळून जातोय." एकदा मुद्दाम एकच तारा दिला आणि संध्याकाळपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसली. "कुणीतरी इचारंल की, आक्का, एकच का म्हणून." कुणी विचारलं नाही. शेवटी तिनंच टीचरला फोन लावला. तिकडून टीचर म्हणाली, "आक्का, मला पण कोण विचारत नाही री." दोघी बराच वेळ बोलल्या. मग हिनं ठरवलं, शिकायचं आपलं आपण, आणि अडलं तर रविवारी टीचरला फोन.

तारे मात्र तिनं घरात आणले. माझ्या चहाला एक तारा. दुसऱ्या दिवशी दोन. "सुधारणा हाय," म्हणायची. शेजारणीच्या नव्या साडीला चार. भजनाला दोन, का तर पेटीवाला झोपत होता. मी कधी चिडून बोललो तर नुसती मूठ दाखवायची, सगळी बोटं मिटलेली. म्हणजे शून्य. औषधाच्या पाकिटावरचं, रेशनच्या फळ्यावरचं, बसच्या कपाळावरचं सगळं वाचायची, मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल असं. येळ्ळूरच्या गाडीत चढताना कंडक्टरला पाटी वाचून दाखवायची. त्याला काय, तो तिकीट फाडायचा. पण मागं उभा राहून ऐकताना माझी छाती फुगायची. तिला सांगितलं नाही कधी.

पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं ठरलं. मी आठ दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. दवाखान्यात नर्सनं कागद आणला, कानडीत, दोन पानं भरून. "वाचून दोघांनी सही करा, मी आलेच." मी कागद घेतला आणि माझा हात पंख्यासारखा हलायला लागला. तिनं कागद काढून घेतला. दवाखान्याचा हिरवा झगा, नाकावर चष्मा, बोट ओळीवर. वाचायला लागली. पहिली ओळ मराठीत सांगितली, नाव-गाव. दुसरी, भूल देणार. तिसरी, रक्त लागलं तर देणार. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

"काय गं?"

"काय न्हाय. जोडाक्षर हाय."

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं चष्मा सारखा केला. मग हसली. "अवो, प्राणायाम करा म्हणत्यात. ऑपरेशनच्या आधी प्राणायाम करायचा."

"येवढंच?"

"येवढंच. आन खाली, सगळं वाचून समजून घेतलंय म्हणून. घाला सही. कापू नगासा."

तिनं आधी केली. कानडीत, गोल गोल, बांगड्या मांडल्यासारखी. मी खाली माझी वाकडी मराठी सही केली. मग आम्ही दोघं कॉटवर बसून प्राणायाम करायला लागलो. मला कुठं येतंय? ती एक नाकपुडी दाबायची, मी बघून दाबायचो. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा म्हणाला, "काय चाललंय वो, शिंका अडकल्या काय?" ती म्हणाली, "कागदावर लिवलंय, आज्जा. तुमी बी करा." आणि मला खरंच बरं वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा भीती गेली.

आत नेताना तिनं ढकलगाडीच्या दांडीला धरून गाडी थांबवली. मला म्हणाली, "माझ्या वाचण्याला किती तारे?"

"पाच."

"तीन द्या. दोन अक्षरं इकडंतिकडं झाली असत्याल."

मी म्हणालो, "पाचच." दार लागलं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली, रेखाशी बोलली. रेखा म्हणजे आमची लेक, निपाणीला दिलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी ही गेली. डॉक्टर भला माणूस होता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, धोका होता. कागदावर लिहून दिलं होतं तुम्हाला." मी म्हणालो, "कागदावर प्राणायाम लिहिलंय." त्यानं माझ्याकडं बघितलं.

तिथून माझी खरी भीती सुरू झाली. दवाखान्यानं कागदाची एक प्रत दिली होती. ती मी ट्रंकेत तिच्या साड्यांखाली ठेवली आणि त्या खोलीत जायचं टाळायला लागलो. ती वाचायला चुकली होती की खोटं बोलली होती? चुकली असेल तर काही माहीत नसताना, हसत, आत गेली, आणि मी पाच तारे दिले. खोटं बोलली असेल तर सगळं माहीत असताना एकटी आत गेली, आणि मी शेजारी बसून नाकपुड्या दाबत होतो. यातलं कुठलं खरं असावं असं वाटतंय, हेसुद्धा मला ठरवता येईना. रेखाला कानडी वाचता येतं. तिला दाखवलं असतं तर मिनिटात कळलं असतं. म्हणूनच दाखवलं नाही.

चार वाजले की तिचा फोन टुणकन वाजायचा. धडा राहिलाय म्हणून. बाराव्याच्या दिवशीसुद्धा वाजला. मी फोनवर उशी ठेवायचो आणि उशीतूनही ऐकू यायचं.

टीचरचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "अण्णा, समाधान करून घ्या री." मी ओरडलो, "माझी बायको मेली आन तू समाधान इचारतीस? किती तारे देऊ, सांग!" आणि फोन आपटला. कानडीत समाधान करून घ्या म्हणजे मन शांत करा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सूतबाजारात कुणाचं काही वाईट झालं की मी स्वतः हेच म्हणत आलो. पण त्या घटकेला माझे कान नुसते मराठी झाले होते. दीड महिना लाज वाटत राहिली. मग मीच तिला फोन लावला.

"चुकलं माझं, टीचर."

"असू द्या हो, अण्णा."

"मला वाचायला शिकवशील?"

"काय वाचायचं आहे?"

"एक कागद हाय."

"फोटो पाठवा. मी वाचून सांगते."

"नको. तिनंच मला वाचून दाखवला हुता. आता दुसऱ्या कुणी सांगायचं न्हाय."

टीचरनं एव्हाना ॲपचं काम सोडलं होतं, गावच्या शाळेत पोरांना शिकवत होती. तरी रोज चारला पंधरा मिनिटं मला द्यायची. एक चौकोन माझा, एक तिचा. दोन वर्षं लागली. माझं डोकं म्हणजे गंजलेला माग. शिकलो की विसरायचो. कितीदा तरी सोडून दिलं, आणि दर वेळी कारण एकच. अक्षरं यायला लागली की कागद जवळ यायचा, मग मी आठ-आठ दिवस फोन उचलायचो नाही. टीचर रागवायची नाही. परत लावला की विचारायची, "समाधान आतेनु, अण्णा?" आणि थांबायची. मी म्हणायचो, "इल्ला री." हात वर करायला मात्र मला कधी जमलं नाही.

मागच्या महिन्यात ट्रंक उघडली. टीचरला म्हणालो, आज कागद. ती म्हणाली, "मी आहे. सावकाश." कागद मागाच्या चौकटीला टेकवून उभा केला. बोटाऐवजी धोटा धरला ओळीवर. नाव-गाव. भूल. रक्त. तिनं सांगितलं तसंच होतं, शब्दाला शब्द. चौथी ओळ. जोडाक्षर. प्रा. पुढं णा. माझ्या तोंडात पुढचं तयार होतं, याम. पण कागदावर 'या' नव्हता. 'पा' होता. आणि शेवटी 'म' नव्हता. 'य' होता.

प्राणापाय. प्राणापाय संभविसबहुदु. जीव जाण्याचा संभव आहे.

समोर, कागदाच्या वरच, चौकटीवर तिची खडूची अक्षरं होती. पुसट झालीत, पण आहेत. पा, या, मा. डोळे झाकून सांगणारी बाई. दोन अक्षरं इकडंतिकडं झाली नव्हती. तिनं केली होती. तेवढ्या एका घटकेत, बोट ओळीवर असताना, माझ्या कापणाऱ्या हाताकडं बघून.

टीचर म्हणाली, "आक्का एकदा शिकल्यावर 'प', 'य', 'म'ला कधीच चुकली नाही, अण्णा." त्या दिवशी तिनं समाधान विचारलं नाही.

अजून एक ओळ राहिली होती. सगळ्यात खालची. तीही वाचली, कुणाच्या मदतीशिवाय. "वरील सर्व वाचून, समजून घेऊन सही करत आहे." तिच्याखाली दोन सह्या. तिची गोल, बांगड्यांसारखी. ती त्याच दिवशी खरी होती. माझी तिच्याखाली, वाकडी, मराठी. ती खरी व्हायला दोन वर्षं लागली.